गाडी काढायची की एसटीनं जायचं? खान्देशातल्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत राहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मुंबईची लोकल किंवा पुण्याची मेट्रो डोक्यात ठेवून दिलेले सल्ले आपल्याकडे फारसे लागू पडत नाहीत. इथे लोकल नाही, मेट्रो नाही. पण सुरतेपासून जळगावपर्यंत दुहेरी रेल्वेमार्ग आहे, भुसावळसारखं जंक्शन आहे, आणि निदान वेळापत्रकात तरी बहुतेक मोठ्या गावांना एसटी आहे. जिथे आकडेमोड केली आहे तिथे काय धरून केली तेही सांगितलं आहे. तुमच्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं असेल तर ते घालून हिशेब पुन्हा मांडून बघा.

थोडक्यात सांगा, पर्यावरणाला कमी त्रास कशाचा?

विजेवरच्या रेल्वेचा सगळ्यात कमी. त्यानंतर भरलेल्या एसटीचा. एकट्या माणसानं चालवलेली कार सगळ्यात शेवटी येते. मधल्या जागा मात्र किती सीट भरल्या त्यावर खालीवर होतात, म्हणून पुढचं उत्तर जरा सावकाश वाचा.

हे आकड्यांत दाखवता येईल का?

येईल, आणि त्याला मोठ्या अभ्यासाची गरजही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. कार लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर दर किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. एकटे असाल तर तो सगळा तुमच्या खात्यावर. चौघे असाल तर प्रत्येकी ३८ ग्रॅम.

साधी एसटी लिटरला साडेचार किलोमीटर धरा. म्हणजे किलोमीटरला ६०० ग्रॅम. बसमध्ये ४४ प्रवासी असतील तर माणशी १४ ग्रॅमसुद्धा होत नाहीत. २० असतील तर ३०. दहाच असतील तर ६०. आणि दुपारच्या रिकाम्या फेरीत चारच टाळकी असतील तर माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे एकट्याच्या कारइतकेच.

आता मोटरसायकल. लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी ४६ ग्रॅम सोडते. डबलसीट असाल तर माणशी २३. फक्त कार्बन मोजला तर डबलसीट मोटरसायकल अर्ध्या भरलेल्या एसटीला मागे टाकते. एसटीच्या बाजूनं बोलणारे हा भाग सहसा गाळतात. गाळायचं कारण नाही, कारण मोटरसायकलचा खरा प्रश्न धुराचा नाहीच. त्यावर पुढे लिहिलं आहे.

मग आमची चौघांची भरलेली कार रिकाम्या एसटीपेक्षा चांगलीच की!

सरासरी काढली तर हो. पण तुम्ही आज कार काढली म्हणून ती एसटी थांबत नाही. ती वेळापत्रकाप्रमाणे निघणारच, तितकंच डिझेल जाळणार. तुम्ही चौघे तिच्यात चढलात तर जादा डिझेल नावापुरतं लागतं. कार काढलीत तर तिचं पेट्रोल मात्र एसटीच्या डिझेलवर वरकड. त्यामुळे 'आज' या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी एसटीकडे झुकतं, बस रिकामी असेल तर जास्तच.

'पुढच्या वर्षी' या प्रश्नाचं उत्तर वेगळं आणि जास्त महत्त्वाचं आहे. गाडीच्या किती सीट भरल्या याला एसटीच्या भाषेत भारमान म्हणतात. फेरीला प्रवासी किती मिळाले, उत्पन्न किती आलं, हे आगारात रोज बघितलं जातं. भारमान सतत कमी राहिलं की आधी दुपारची फेरी जाते, मग संध्याकाळची दुसरीकडे वळते, आणि शेवटी मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी निघणारी, बंद होते. गावात कार-मोटरसायकली वाढल्या की सगळ्यात आधी उठतात ते तिकिटाचे पूर्ण पैसे देणारे कमावते पुरुष. मागे राहतात ते सवलतीवाले. फेरी बंद झाल्यावर कारवाल्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आठवीतल्या मुलीचं.

माझ्या मते खान्देशात कारचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे. नळीतून निघणारा धूर त्यापुढे दुय्यम.

"आते यष्टीमा कोन बसस, भाऊ?"

बसणारे भरपूर आहेत, फक्त हा प्रश्न विचारणाऱ्याच्या बरोबरीचे नाहीत. सकाळी सहाला कुठल्याही गावात मुक्कामी गाडीजवळ जाऊन उभे राहा. ड्रायव्हर बादलीतल्या पाण्यानं काच धूत असतो, कंडक्टर तोंडात ब्रश धरून पाराजवळ उभा असतो. पहिल्या दोन बाकांवर दप्तरं आधीच पोचलेली असतात आणि मुली मागाहून वेण्या घालत येतात. एक म्हातारी भरताच्या वांग्यांची पिशवी पायाशी ठेवून खिडकी धरते, तालुक्याला लेकीकडे चाललेली असते. दूधवाला मागच्या दारानं कॅन चढवून परत जातो. दोनदा घंटी वाजते आणि गाडी निघते.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे तिकीटच नाही. हा मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. काही तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्याही मुलींना शाळेत पोचवतात. अर्ध्या तिकिटानंतर बाजाराच्या दिवशी उभं राहायला जागा मिळत नाही अशी कुरकुर ऐकू येते. म्हणजे प्रवास करायची गरज होती, पैसे नव्हते म्हणून बायका घरी बसत होत्या, इतकाच त्याचा अर्थ.

पैशाचं काय? आम्हाला तर कार स्वस्त पडते.

कधी पडते, कधी नाही. अमळनेर ते जळगाव घ्या. जवळपास ५५ किलोमीटर, जाऊन-येऊन ११०. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर कारला साडेसात लिटरच्या आत-बाहेर, म्हणजे पावणेआठशे रुपये. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या जवळपास पडतात. एका माणसाचे जाऊन-येऊन दोनशे धरा.

एकटे असाल तर पावणेआठशे विरुद्ध दोनशे, विषय संपला. चार पुरुष असतील तर जवळपास बरोबरी, आणि कार दारापासून दारापर्यंत नेते. पण नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सत्तरीची आई असे चौघे असतील तर एसटीला पाचशे. मोटरसायकलला सव्वादोन लिटर, म्हणजे दोनशे तीस. दोघे असतील तर माणशी सव्वाशेच्याही आत. खान्देशात रस्त्यावर इतक्या मोटरसायकली का दिसतात याचं उत्तर या एका ओळीत आहे.

रोजचं जाणं असेल तर सुटं तिकीट काढत बसू नका. एसटीच्या मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं, त्रैमासिक पासात ५० दिवसांचं भरून ९० दिवस. विद्यार्थ्यांना पासावर दोन तृतीयांश सवलत आहे.

हे नुसतं पेट्रोल झालं. कारचा खरा खर्च किती?

समजा आठ लाखांची कार घेतली आणि आठ वर्षांनी अडीच लाखांना विकली. वर्षाला सत्तर हजारांची झीज. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून वर्षाला तीस हजार धरा. झाले एक लाख. तालुक्याच्या गावातली कार वर्षाला आठ हजार किलोमीटर चालली तर पेट्रोल सोडून किलोमीटरला बारा रुपये पडले. पेट्रोलचे सात मिळवले की एकोणीस. कर्जाचं व्याज आणि टोल यात धरलेलेच नाहीत. अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली कारसुद्धा पैसे खात असते.

पण ती घेऊन झाली आहे. आता वापरली नाही तर उलट तोटाच ना?

नाही. झीज आणि विमा तुम्ही आज जळगावला गेलात काय आणि न गेलात काय, गेलेलेच आहेत. घेताना एकोणीस रुपये बघा, घेतल्यावर रोजच्या फेरीसाठी फक्त पेट्रोल बघा. तरीही एकट्याच्या फेरीत एसटीच जिंकते. 'घेतली आहे म्हणून वापरायची' हा हिशेब कुठल्याच बाजूनं बसत नाही.

मोटरसायकल इतकी स्वस्त आणि धूरही कमी, मग तीच का नको?

जिवासाठी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. सुरत-नागपूर महामार्गावर कंटेनर आणि ट्रेलरच्या मधून रोज अपडाऊन करणाऱ्याला हे आकडे कुणी सांगायला नकोत. हेल्मेट तर आपल्याकडे पोलीस दिसल्यावर कोपरातून डोक्यावर चढतं.

गावातल्या गावात, शेतावर, पाच-सात किलोमीटरवरच्या फाट्यापर्यंत मोटरसायकल उत्तमच आहे. फाट्यावर ओळखीच्या टपरीशेजारी लावायची आणि पुढे एसटी पकडायची, ही जोडी आपल्याकडे सगळ्यात जास्त चालण्यासारखी आहे. कितीतरी जण ती चालवतातच, फक्त तिला कुणी 'सार्वजनिक वाहतूक' म्हणत नाही. फाट्यावर एक साधी शेड आणि सायकल-मोटरसायकल लावायला कुंपण घातलेली जागा ग्रामपंचायतीनं केली तर आणखी लोक करतील.

रेल्वेनं कुठे कुठे भागतं?

भुसावळ-जळगाव-पाचोरा-चाळीसगाव हा मुंबईकडे जाणारा मुख्य मार्ग. याच्या काठावर राहत असाल तर जळगाव किंवा भुसावळच्या नोकरीसाठी कारचा विचार करण्याचंही कारण नाही. भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्यांच्या डब्यात पत्त्यांचे डाव ठरलेले, जागा ठरलेल्या, आणि कुणी आलं नाही तर फोन जातो. महामार्गावर ट्रकमागे अडकायला लागतं तसं इथे नाही.

दुसरा मार्ग सुरतेकडचा. जळगाव, पाळधी, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. उधना ते जळगाव दुहेरीकरण २०१८ मध्ये पुरं झालं. नंदुरबार-नवापूरच्या माणसाला सुरतेच्या बाजारात किंवा मोठ्या दवाखान्यात जायला यासारखी सोय नाही. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे.

कोविडनंतर पॅसेंजर गाड्या 'एक्स्प्रेस' या नावानं सोडल्या आणि कमीत कमी भाडं दहाचं तीस रुपये झालं. तेव्हा कितीतरी अपडाऊनवाल्यांनी मोटरसायकली घेतल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आलं, पण घेतलेली मोटरसायकल कुणी विकत नाही. पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. सुपरफास्ट गाडीत तो तसाच चालत नाही, त्यावर जादा आकार भरावा लागतो, आणि आरक्षित डब्यात बसायचं नसतं. टीसीशी वाद घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आणि विजेबद्दल: पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण डांबरावरच्या रबरापेक्षा खूपच कमी असतं. तितकीच माणसं हलवायला रेल्वेला लागणारी ऊर्जाच मुळात थोडी. ही वीज कोळशाची आहे हे धरूनसुद्धा रेल्वे पहिली येते.

आणि धुळ्याचं?

धुळ्याकडे रस्ते चारी बाजूंचे आहेत, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर इथेच एकमेकांना छेदतात, आणि रेल्वे मात्र चाळीसगावहून आलेला ५६ किलोमीटरचा फाटा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो मार्ग धुळ्यावरून जाणार आहे. बोरविहीर-नरडाणा हा त्यातलाच एक तुकडा. तो होईपर्यंत धुळेकरांनी नाशिकला एकट्यानं कार नेण्याऐवजी एसटी धरावी. गाड्या वारंवार आहेत, थांबून वाट बघावी लागत नाही.

उलटा अनुभव जामनेरचा. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, सगळे तिला पीजे म्हणत, २०२० मध्ये बंद पडली ती पुन्हा सुरू झालीच नाही. ब्रॉडगेज करायचं ठरलं आहे. मधल्या काळात प्रवासी रस्त्यावर गेले. बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणं हे चालू सेवा टिकवण्यापेक्षा दहापट अवघड असतं, हे २०२१-२२ च्या एसटी संपानंही दाखवलं. जवळपास साडेपाच महिने गाड्या आगारात उभ्या होत्या. तेवढ्या काळात ज्यानं दुसरी सोय लावली तो सगळाच्या सगळा परत आला नाही.

इलेक्ट्रिक कार घेतली की प्रश्न मिटला ना?

थोडा सुटतो. भुसावळहून वरणगावकडे जाताना दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तुमच्या कारचा धूर तिथून निघतो. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. कारला १०० किलोमीटरला १५ युनिट लागली तर किलोमीटरला १०५ ग्रॅम. पेट्रोलच्या दीडशेपेक्षा कमी, पण अर्ध्या भरलेल्या एसटीच्या तिप्पट-चौपट. शिवाय बॅटरी बनवतानाचा धूर वेगळा, तो वसूल व्हायला गाडी भरपूर चालावी लागते.

घरावर सोलर असेल आणि दिवसा चार्ज करत असाल तर गणित तुमच्या बाजूनं झपाट्यानं बदलतं. ऊन तर आपल्याकडे उदंड आहे. साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरताहेत. ग्रीड जसजसं स्वच्छ होईल तसतशी आज घेतलेली इलेक्ट्रिक कारही स्वच्छ होत जाईल. पेट्रोल कारचं तसं कधीच होणार नाही. कार घ्यायचीच असेल आणि वापर जास्त असेल तर इलेक्ट्रिक घ्या. फक्त तिनं एसटीची जागा घेऊ नये.

ई-बस तर मग एकदम मस्त?

कार्बनच्या बाबतीत आज फार मोठा फरक नाही. मोठ्या ई-बसला किलोमीटरला एक-सव्वा युनिट लागतं, म्हणजे कोळशाच्या विजेवर ती डिझेल एसटीच्या आसपास, किंबहुना थोडी वरच राहते. फायदा कळतो तो स्टँडवर. तिथे पन्नास गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, आणि फलाटावर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर नळी असते. तो धूर आणि तो घरघराट बंद होणं ही साधी गोष्ट नाही.

सीएनजी? इथेनॉलवालं पेट्रोल?

सीएनजी कार किलोला २५ किलोमीटर देत असेल तर ११० ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे पेट्रोलपेक्षा बरी. पंपावरची रांग तुम्ही बघालच. वीस टक्के इथेनॉलनं ॲव्हरेज थोडं उतरतं. ते ऊस आणि मक्यापासून येतं, आणि उसाला लागणारं पाणी खान्देशात कुणाच्या वाट्याचं आहे हा स्वतंत्र भांडणाचा विषय आहे. यातल्या कशानंही एकट्याची कार एसटीच्या जवळ येत नाही.

जळगावात श्वास घेताना धूळ जाते. ती कारमुळेच का?

फक्त कारमुळे नाही. हवा ठरावीक मर्यादेत नसलेल्या शहरांच्या केंद्राच्या यादीत जळगाव आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ते येतं. उखडलेले रस्ते, उघड्यावरची वाळू-मुरूम, बांधकामं, कचरा जाळणं, हे सगळं त्यात आहे. पण रस्त्यावरची धूळ आपणहून उडत नाही, चाकं उडवतात. चाळीस माणसं चाळीस गाड्यांवर गेली तर ऐंशी चाकं आणि वर, एका बसमध्ये गेली तर सहा. काळा धूर सोडणारी जुनी एसटीही निर्दोष नाही, हेही खरं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत तो बराच आटोक्यात आहे. आगारानं जुन्या खटारा गाड्या बदलाव्यात ही मागणी प्रवाशांनीच लावून धरली पाहिजे.

मे महिन्यात ४५ अंशांत स्टँडवर उभं राहायचं का?

या मुद्द्यावर कारवाल्याशी वाद घालता येत नाही. दुपारी एक वाजता पत्र्याच्या शेडखाली, पंखा बंद, पाणपोई कोरडी, आणि गाडी कधी येईल हे चौकशीच्या खिडकीतल्या माणसालाही माहीत नाही. लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर त्या वेळी कार काढा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शक्य असेल तर सकाळी अकराच्या आत निघा आणि पाचनंतर परता. खान्देशात उन्हाळ्यात शहाणी माणसं तशीही हेच करतात.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात मात्र वेळ कुठलीही असो, गाड्या खच्चून भरतात. माहेरवाशिणी, त्यांची पोरं, पिशव्या. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला ज्याला येत नाही त्यानं आधी आरक्षण करावं.

काळी-पिवळी आणि ॲपे रिक्षा सार्वजनिक वाहतुकीत धरायच्या का?

धरायच्याच. सातपुड्यात, धडगाव-मोलगीच्या बाजूला, एसटी पोचत नाही किंवा दिवसातून एखाददुसरी येते, तिथे जीपच आहे. प्रत्येक सीट भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून माणशी धूर कमी. पण 'भरली' म्हणजे काय? आत दाटीवाटीनं, मागे लटकून, कधी टपावर. घाटात अशी गाडी उलटली की विम्याचा प्रश्न येतो, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं असतील तर भरपाई मिळवताना नातेवाइकांची दमछाक होते. सोय म्हणून वापरा, पण दार लागत नसेल तर पुढची धरा. चालक "बसा हो, होईल जागा" म्हणेलच.

लग्नाला दहा गाड्या काढण्यापेक्षा दुसरं काही?

एसटी प्रासंगिक करारावर मिळते. आगारात अर्ज करायचा, अनामत भरायची, किलोमीटर आणि वेळ ठरवायची. चव्वेचाळीस माणसं एका गाडीत जातात. तेवढ्यांना नऊ-दहा कार लागतात, नऊ-दहा ड्रायव्हर लागतात, आणि मंगल कार्यालयाबाहेर अर्धा किलोमीटर रस्ता अडतो. कारच्या ताफ्याला मान आहे, हे मान्य. पण वऱ्हाड एकत्र पोचतं, परतताना जागरणानं पेंगणारा भाचा स्टेअरिंगवर नसतो, हे नवरदेवाच्या बापाला विचारा.

आईला डायलिसिसला न्यायचं आहे.

कार, किंवा रिक्षा. यावर पर्यावरणाचं प्रवचन नको.

पुण्याला जायचं असेल तर?

जळगाव-पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास. एकट्यानं कार नेणं पेट्रोल, टोल आणि झोप या तिन्ही अंगांनी महाग. रेल्वेचं आरक्षण मिळालं तर उत्तम. खासगी ट्रॅव्हल्सची बसही बसच आहे, भरलेली असते, कार्बनच्या हिशेबात चांगली. दिवाळीत दर डोक्यावर जातात, तेव्हा इतकं लक्षात ठेवा: २०१८ च्या शासन निर्णयानं खासगी बसला एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त घेतलं तर तिकिटाचा फोटो काढून आरटीओकडे तक्रार करा.

महामार्ग चौपदरी झाल्यावर एसटीची गरज राहील का?

सुरत-नागपूर महामार्गाच्या चिखली-तरसोद आणि तरसोद-फागणे या तुकड्यांनी लोकांना कित्येक वर्षं धूळ खायला लावली. जुन्या रस्त्याची झाडं गेली. रुंद रस्त्यावर एसटीही वेगानं जाते, हे कुणी बोलत नाही. जळगावहून बांभोरीचा गिरणा पूल ओलांडून विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला चौपदरीपेक्षा वेळेवर येणारी बस जास्त उपयोगाची. दोन्ही असेल तर फारच छान. चौपदरीवर एक नवी अडचण मात्र आली आहे: जलद गाड्या उड्डाणपुलावरून निघून जातात आणि फाट्यावरचा प्रवासी खाली हात करत राहतो. सेवा रस्त्यावर थांबा मंजूर करून घेणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे.

आमच्या गावाची फेरी बंद झाली. परत कशी मिळवायची?

नुसतं 'गाडी सुरू करा' असं निवेदन देऊन फोटो काढला तर काही होत नाही. आगार व्यवस्थापकाला भारमान दाखवावं लागतं. म्हणून आधी माणसं मोजा. शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांकडून त्या मार्गावरच्या विद्यार्थ्यांची संख्या आणि शाळेची वेळ लेखी घ्या. रोज अपडाऊन करणाऱ्यांची यादी करा, पास काढायला तयार असलेल्यांची वेगळी. बाजाराचा दिवस कोणता, दवाखान्यात जाणारे किती, तेही लिहा. ग्रामसभेत ठराव करा आणि मार्गावरच्या शेजारच्या दोन-तीन गावांचेही ठराव जोडा, कारण एका गावासाठी गाडी वळवणं आणि चार गावांसाठी वळवणं यात फरक पडतो.

मग रस्ता बघा. एसटीचे लोक मार्ग तपासायला येतात तेव्हा खड्डे, अरुंद फरशी पूल, वाकलेल्या बाभळी आणि गाडी वळवायला जागा आहे का हे पाहतात. बाभळी आधीच छाटून ठेवा. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाला झोपायला पंखा असलेली खोली, पिण्याचं पाणी आणि संडास लागतो. समाजमंदिराची किल्ली सरपंचाच्या घरी आणि सरपंच जळगावला, असं असेल तर पंधरा दिवसांत पुन्हा तक्रार जाते आणि गाडी तालुक्यालाच मुक्काम करते.

फेरी सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने आगार आकडे बघत असतं. त्या काळात ज्यांच्या दारात कार आहे त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा तरी पूर्ण तिकीट काढून तिनं जावं. वेळ गैरसोयीची असेल तर गाडी सोडून देऊ नका, वेळ बदलून मागा. शाळा सुटते पाचला आणि गाडी निघते पावणेपाचला, अशी वेळापत्रकं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पंधरा मिनिटं पुढे करायला आगाराला वेगळा पैसा लागत नाही, मुख्याध्यापकांचं पत्र लागतं.